चार सिलिंडरांची जबानी

नांदेड-लातूर हमरस्ता सोडून लोहा तालुक्यातील खेड्यांकडे वळले की काळ्या मातीच्या पाणंदी लागतात. आणि पावसाळ्यात ज्या पाणंदीतून बैलगाडीदेखील जपून हाकावी लागते, तिच्यातून चारही चाकांना ओढ देत निघून जाणारे वाहन म्हणून जीपने या मुलखात जो लौकिक मिळविला, तो अद्याप पुरता ओसरलेला नाही. १९४८ साली निजामी अंमल संपला, १९५२ च्या सामूहिक विकास योजनेबरोबर सरकारी अंमलदारांची खेडोपाडी फिरती वाढली, १ मे १९६२ पासून पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला, आणि या साऱ्या स्थित्यंतरात कचेरीच्या आवारातली जीप ही सरकारच्या अस्तित्वाची खूणच होऊन बसली. मुदत भरलेल्या जीपा निर्लेखित होऊन लिलावात निघत, आणि एखादा हौशी बागाईतदार त्यांतली एक आपल्या वाड्यापुढे आणून उभी करी.

अमेरिकेतील विलिस कंपनीच्या परवान्याने महिंद्र कंपनीने भारतात बांधलेल्या या गाड्यांपैकी सीजे-३बी हा नमुना विशेष दीर्घायुषी ठरला. विलिसने तो १९५३ साली बाजारात आणला. त्याच्या २१९९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर जळका वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकच्या बाजूला असतात. या रचनेने इंजिन उंच झाले, आणि म्हणूनच या जीपचे बॉनेट इतके उंच दिसते.

अशी गाडी चढावर धक्के देऊ लागली, सायलेन्सरमधून एकसारख्या ठेक्याऐवजी अडखळता ‘फट्’ असा आवाज येऊ लागला, की गॅरेजवाला एका शब्दात निदान करतो: मिसिंग. परंतु मिसिंग हे केवळ लक्षण होय; त्याचे कारण ठिणगीत, इंधनात किंवा दाबात, अशा तीन ठिकाणी दडलेले असू शकते. उतावळा मालक आज प्लग, उद्या कॉइल, परवा कार्ब्युरेटरचे किट असा खर्च करीत जातो, आणि गाडी सुधारलीच तर ती कशाने सुधारली हे त्याला कधीच उमगत नाही. जाणता मिस्त्री पाकिटाला हात लावू देण्यापूर्वी चारही सिलिंडरांची जबानी घेतो.

इंजिन मंद गतीवर ठेवून तो एकेका प्लगची वायर, करंट बसू नये अशा बेताने, क्षणभर काढतो. वायर काढताच इंजिनाचा ठेका खाली बसला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर मिसिंग तिथेच आहे. मग त्या सिलिंडरातला प्लग शेजारच्यात आणि शेजारचा त्याच्यात. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग निकामी. जागेवरच राहिला, तर वायर पाहावयाची. एका वेळी एकच बदल, हा या तपासाचा मुख्य दंडक. काढलेल्या प्लगचे तोंडही बोलके असते: फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, तेलाने ओले असेल तर इंजिनऑइल वर चढत आहे.

चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील, तर मात्र दोष समाईक जागी शोधावा लागतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिनिटाला ४००० वेळा उघडतात. त्यांची फट इंचाच्या वीस सहस्रांश, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, हवी. पॉइंट पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने फट बसविली, तरी डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशात हलत असेल, तर ती फट फेऱ्याफेऱ्याला बदलते आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून दांडा बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहणे अगत्याचे. पॉइंट वारंवार जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर. पावसाळ्यात कॅपच्या बारीक तड्यात ओल धरते. अंधारात बॉनेट उघडले, तर निसटणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात गाडी तापल्यावरच अडखळत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ झाल्याचा संभव. पंपावर ओले फडके ठेवल्याने गाडी सुधारली, की गुन्हेगार सापडला.

ठिणगी आणि इंधन दोन्ही निर्दोष ठरल्यावरच दाब मोजावा. एका सिलिंडरात तो कमी भरला, तर प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात: वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, लगतचे दोन सिलिंडर एकदमच कमी भरले, तर हेडचे गॅस्केट फुटले असावे. खर्चाचे काम येथून सुरू होते, आणि म्हणूनच ते सर्वांत शेवटी.

नव्या गाड्यांत संगणक कोणता सिलिंडर चुकला हे क्षणात सांगतो, आणि ही सोय कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो का चुकला, हे शोधावयाचे तर तेथेही ठिणगी, इंधन आणि दाब या तिघांनाच याच क्रमाने विचारावे लागते. जुन्या जीपवर हात बसलेल्या मिस्त्रीला तो क्रम कोणी नव्याने शिकवावा लागत नाही.