रोमचे वीस पुरोहित

रोमच्या प्रजासत्ताकाने जवळपास पाचशे वर्षांत भूमध्य समुद्राचा बहुतेक किनारा आपल्या सत्तेखाली किंवा धाकाखाली आणला. तरीही या काळात रोममध्ये परराष्ट्र खाते नव्हते आणि परक्या राजधानीत रोमचा कायमचा वकील नव्हता. वाटाघाटी सिनेट पाही, युद्ध आणि तह यांना मंजुरी जनसभा देई. पण युद्ध धर्माला धरून आहे की नाही आणि तह पक्का झाला की नाही, हे ठरवण्याचा विधी फेतियालेस नावाच्या वीस पुरोहितांच्या मंडळाकडे होता. रोमचे परराष्ट्र धोरण समजून घ्यायचे तर आधी या मंडळाकडे पाहावे लागते.

शेजाऱ्यांनी गुरे पळवली किंवा शेत लुटले, तर लगेच चाल करून जायचे नाही, असा जुना नियम होता. त्याची रीत लिव्ही या इतिहासकाराने तपशीलवार दिली आहे. मंडळातला दूत लोकरीच्या पट्टीने डोके झाकून हद्दीवर जाई आणि ज्युपिटरला साक्षी ठेवून रोमची मागणी मोठ्याने सांगे. मागणी अन्यायाची असेल तर मला माझी मायभूमी पुन्हा दिसू नये, अशी शपथ तो स्वतःवर घेई. हीच मागणी तो वाटेत भेटलेल्या पहिल्या माणसाला, मग नगराच्या वेशीवर आणि शेवटी भर चौकात ऐकवी. त्यानंतर 33 दिवसांची मुदत असे. तेवढ्यात भरपाई मिळाली नाही, तर दूत देवांपुढे तक्रार मांडून परते आणि रोममध्ये युद्धाचा निर्णय होई. मग तो पुन्हा हद्दीवर जाऊन किमान तीन प्रौढ पुरुषांसमक्ष शत्रूच्या भूमीत भाला फेके. युद्ध सुरू होई ते त्या भाल्याने.

तहाची रीतही अशीच काटेकोर होती. कॅपिटोल टेकडीवरून मुळासकट उपटलेले पवित्र गवत बरोबर घ्यायचे, कलमे वाचून दाखवायची आणि गारगोटीच्या दगडाने डुक्कर मारायचे. रोमने आधी शब्द मोडला, तर ज्युपिटरने रोमवरही असाच घाव घालावा, हा त्या शपथेचा अर्थ. इ.स.पू. 201 मध्ये कार्थेजशी तह करायला हे पुरोहित आफ्रिकेला निघाले, तेव्हा त्यांनी दगड आणि गवत रोमहूनच नेले. असे तहनामे काशाच्या पत्र्यांवर कोरून जतन केले जात. कार्थेजबरोबरचा सर्वांत जुना तह पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षातला मानला आहे. त्याची लॅटिन भाषा इतकी जुनी होती की, जाणकारांनाही ती मोठ्या कष्टाने लागे, असे तो लिहितो.

परक्यांचे वकील रोमला आले की, त्यांची गाठ सिनेटशी पडे. मित्रराज्यांच्या वकिलांना शहरात राहायला जागा, पाहुणचार आणि भेटी मिळत. शत्रूच्या वकिलांना मात्र शहराच्या पवित्र हद्दीबाहेर थांबावे लागे. तिथेच, युद्धदेवता बेलोनाच्या मंदिरात, सिनेट त्यांचे म्हणणे ऐकून घेई.

या व्यवस्थेची खरी कसोटी इ.स.पू. 137 मध्ये स्पेनमध्ये लागली. नुमान्शियाच्या योद्ध्यांनी कॉन्सल मान्सिनस याची फौज कोंडीत पकडली. सुमारे 20,000 सैनिकांचे प्राण वाचवण्यासाठी त्याने शपथेवर तह केला. तो घडवून आणण्यात त्याच्या हाताखालचा तरुण अधिकारी टायबेरियस ग्रॅकस पुढे होता. रोमने हा तह नाकारला. शपथभंगाचे पाप राज्याला लागू नये म्हणून मान्सिनसला विवस्त्र करून, हात बांधून नुमान्शियाच्या वेशीवर नेले आणि फेतियालेस पुरोहिताने त्याला शत्रूच्या हवाली केले. नुमान्शियाने त्याला स्वीकारले नाही. विधी यथासांग पार पडला, सैनिक सुखरूप परतले, आणि ज्या शब्दावर ते सुटले तो शब्द मात्र रोमने पाळला नाही. विधीचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

साम्राज्य समुद्रापार गेले तशी हद्द दूर गेली आणि भाला फेकणे अवघड झाले. परंपरा सांगते की, समुद्रापलीकडच्या एपिरसचा राजा पिऱ्हस याच्याशी युद्ध होते तेव्हा त्याच्या कैद झालेल्या एका सैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला आणि त्यालाच शत्रूची भूमी मानले. पुढे मागण्या नेण्याचे काम सिनेटचे सदस्य करू लागले. इ.स.पू. 168 मध्ये इजिप्तवर चालून आलेल्या सीरियाच्या राजा अँटिओकस चौथ्यासमोर रोमचा दूत पोपिलियस लायनस उभा राहिला. त्याने राजाभोवती वाळूत छडीने वर्तुळ काढले आणि ते ओलांडण्याआधी उत्तर मागितले. अँटिओकस माघारी गेला. एकेकाळी शेजाऱ्याला 33 दिवस मिळत, आता राजाला काही क्षण मिळाले.

इ.स.पू. 32 मध्ये ऑक्टेव्हियनने बेलोनाच्या मंदिराजवळ हा जुना विधी स्वतः केला. युद्ध पुकारले ते इजिप्तची राणी क्लिओपात्राविरुद्ध. लढाई खरी तिच्या साथीदार अँटनीशी, म्हणजे रोमन माणसाशी होती. विधीने यादवीला परचक्राचे रूप दिले.

म्हणून या मंडळाला केवळ ढोंग म्हणणे मला पटत नाही. हत्यार उचलण्याआधी तक्रार उघडपणे सांगा, मुदत द्या, दिलेल्या शब्दाची जबाबदारी घ्या, हे त्याने एका लढाऊ समाजाला शिकवले, आणि ही शिकवण मोलाची आहे. पण तक्रार खरी की खोटी, हे ठरवणारे रोमनच होते. ज्युपिटर साक्षीला होता, तोही त्यांचाच देव. दोन राज्यांच्या भांडणात निवाडा करणारा तिसरा कोणी नव्हता. बलवान राज्य स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश झाले की, नियमांचे काटेकोर पालनही दुर्बळाला वाचवू शकत नाही. रोमच्या वीस पुरोहितांचा इतिहास हेच सांगतो.