दोन गाणी, एक ठेका: टेक्नो डीजे नेमकं काय जुळवतो?

आपल्याकडे नाशिकमध्ये 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यासमोर येते. मुळात डीजे म्हणजे माणूस, एका रेकॉर्डमधून दुसऱ्या रेकॉर्डमध्ये ठेका न तोडता नेणारा. त्यात कला किती आणि बटणं दाबणं किती, हा वाद आज बाजूला ठेवू. त्यातलं मोजता येण्यासारखं काय आहे ते बघू. संशोधनाची तयारी करताना दोन सवयी लागाव्या लागतात: एकच वाटणाऱ्या गडबडीतली दोन कारणं वेगळी काढणं, आणि पटणारं स्पष्टीकरण म्हणजे पुरावा नव्हे हे ओळखणं. दोन्ही इथे सापडतात.

लय वेगळी, फेज वेगळी

128 बीपीएम म्हणजे मिनिटाला 128 ठोके. दोन ठोक्यांमधलं अंतर 60 ÷ 128, म्हणजे साधारण 469 मिलिसेकंद. समजा पहिलं गाणं 128 वर आहे आणि दुसरं 128.5 वर. फरक किरकोळ वाटतो ना? पण मिनिटाला अर्धा ठोका म्हणजे 234 मिलिसेकंद, सेकंदाला जवळपास 4. दोन्ही गाणी एकदम सुरू केली तरी आठ सेकंदांत 30 मिलिसेकंदांची फट पडते आणि एका ठोक्याचे दोन ऐकू यायला लागतात. मिनिटभरात दुसऱ्याचा ठोका पहिल्याच्या बरोबर मधोमध पडतो.

आता दुसरी शक्यता. दोन्ही गाणी अचूक 128 वर आहेत, पण दुसरं 50 मिलिसेकंद उशिरा सुरू झालं. इथे फट वाढत नाही, कमीही होत नाही.

पहिली चूक फ्रिक्वेन्सीची, दुसरी फेजची. कानाला दोन्ही वेळा 'जुळत नाहीये' एवढंच कळतं. 1979 मध्ये आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलवर वेग 8 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी पट्टी होती. ती फ्रिक्वेन्सीसाठी. तबकडीला बोटाने हलकासा धक्का द्यायचा किंवा क्षणभर अडवायचं, ते फेजसाठी. नवशिका फेजची चूक पट्टीने दुरुस्त करायला जातो आणि नसलेली फ्रिक्वेन्सीची चूक ओढवून घेतो. सरावलेला डीजे आधी थांबून ऐकतो: फट वाढतेय की स्थिर आहे? प्रयोगशाळेत रीडिंग चुकलं की हाच प्रश्न पहिला विचारायचा. ड्रिफ्ट आहे की ऑफसेट?

यात आणखी एक ऑफसेट लपलेला असतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 34 मीटर लांब ढोलपथकात शेवटच्या ढोलवाल्याला पहिल्या रांगेतला ताशा 100 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मोठ्या मैदानात डीजेचंही तेच होतं. म्हणून त्याच्या अगदी जवळ वेगळा मॉनिटर स्पीकर ठेवतात.

बास एकाचाच

ठेका जुळला तरी दोन्ही गाण्यांचा बास एकत्र सोडत नाहीत. समजा दोन्हींच्या किकमध्ये 60 हर्ट्झचा सूर सारख्याच जोराचा आहे. बरोबर एकावर एक पडला तर आवाज 6 डेसिबलने वाढतो. त्या सुराचं एक आवर्तन 16.7 मिलिसेकंदांचं, त्यामुळे 8.3 मिलिसेकंदांची चूक झाली तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या उदाहरणात एवढी चूक दोन सेकंदांतच होते! म्हणून मिक्सरवर नव्या गाण्याचा बास बंद ठेवतात आणि ठरलेल्या क्षणी अदलाबदल करतात. पहिल्याचा खाली, दुसऱ्याचा वर.

हा क्षण कुठला? टेक्नो चार-चार मात्रांत चालतं आणि बदल बहुधा 8, 16 किंवा 32 बारनंतर येतात. 128 बीपीएमला 16 बार म्हणजे बरोबर 30 सेकंद. तबला ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल: नवं गाणं समेवर आणायचं.

पट्टीच नसेल तर?

आता आपल्या शेजारची गोष्ट. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये विनाइल रेकॉर्ड जपणं कठीण, उन्हाने त्या वाकतात. तिथले डीजे आधी कॅसेट आणि नंतर डॅट टेप वाजवू लागले. डॅट सोनीने 1987 मध्ये बाजारात आणली. 2023 मध्ये वारलेला गोवा गिल डॅटवर वाजवण्यासाठीच ओळखला जायचा. नेहमीच्या डॅट प्लेअरला वेगाची पट्टी नसते, बोट लावायला तबकडीही नसते. म्हणजे लय आणि फेज दोन्ही हातातून गेले. मग उपाय एकच: जिथे ठोकाच नाही तिथे जोडायचं. एका गाण्याची विरत जाणारी शेपटी, त्यावर दुसऱ्याची ठोक्याविना सुरुवात.

गोवा ट्रान्सच्या गाण्यांना लांबलचक ठोक्याविना सुरुवात असते ती यामुळेच, असं सांगितलं जातं. फार पटतं. पण थांबा. ही मांडणी खरी असेल तर काय काय दिसायला हवं? डॅट येण्याआधीच्या गाण्यांत अशी सुरुवात कमी हवी. त्याच काळात विनाइलवर मिक्स होण्यासाठी बनलेल्या टेक्नोमध्येही कमी हवी. आणि वेग बदलता येणारे सीडी प्लेअर रुळल्यावर ती आखूड व्हायला हवी. तसं नसेल, तर कदाचित रात्रभर चालणाऱ्या पार्टीची आवड हे कारण असेल, किंवा दोन्ही मिळून. यंत्राची अडचण आणि ऐकणाऱ्याची आवड एकाच दिशेने ढकलत असतील तर नुसत्या जुळण्यावरून कारण ठरत नाही.

रिसर्च प्रपोजल लिहिताना नेमकं इथे अडतं. 'डीजेंच्या मिक्सिंग तंत्राचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नाही. 'ठोका सुरू होईपर्यंतचे सेकंद 1985 ते 2005 या काळात कसे बदलले, आणि टेपसाठीच्या व विनाइलसाठीच्या गाण्यांत फरक आहे का?' हा प्रश्न आहे. त्याला स्टॉपवॉच, गाण्यांची यादी आणि ती कशी निवडली याचा नियम लागतो, आणि उत्तर 'नाही' येऊ शकतं. तुमच्या प्रपोजलचं पहिलं वाक्य काढा आणि बघा: त्याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं का?