काडी पेटली म्हणून मध शुद्ध ठरत नाही

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: दिवाळीत घेतलेला मध तळाशी साखरेसारखा बसला, म्हणजे विकणाऱ्याने साखरच घातली असणार. बिचारा विकणारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. मधात साधारण ८० टक्के साखराच असतात, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते, म्हणून गारवा आला की आधी त्याचे कण धरतात. १० ते १५ अंशांच्या आसपास ही क्रिया जोरात होते, आणि डिसेंबर-जानेवारीत खान्देशातल्या रात्री तेवढ्या गार असतातच. सूर्यफुलाचा किंवा मोहरीचा मध काही आठवड्यांत गोठतो; ज्यात फ्रुक्टोज जास्त, तो महिनोन्‌महिने पातळ राहतो. तेव्हा गोठला म्हणून मध भेसळीचा ठरत नाही आणि गोठला नाही म्हणून अस्सलही ठरत नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध मोकळा होतो. तो गॅसवर तापवू नये.

घरगुती परीक्षांवर तर लोकांचा फारच विश्वास. मधात बुडवलेली काडी पेटली, थेंब पाण्यात तळाशी गेला, टीपकागद ओला झाला नाही, कुत्र्याने तोंड लावले नाही, की मध अस्सल. या परीक्षांतून फार तर मधात पाणी किती आहे याचा अंदाज येतो. दाट साखरेचा पाकही पाण्यात तळाशी जातो आणि काडी तेवढीच पेटू देतो. भेसळ ओळखणे प्रयोगशाळेलाही सोपे नाही. ऊस आणि मका यांच्यापासून केलेली साखर कार्बनच्या समस्थानिकांच्या चाचणीत पकडता येते. तांदळापासून केलेला पाक त्याच चाचणीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने १३ ब्रँडच्या मधाचे नमुने तपासून घेतले. भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत त्यातले बहुतेक मोठे ब्रँड उत्तीर्ण झाले. जर्मनीतल्या अधिक काटेकोर एनएमआर चाचणीत फक्त ३ टिकले. कंपन्यांनी आरोप फेटाळले. पण जिथे एवढी यंत्रे लागतात, तिथे आगपेटीच्या काडीने काय कळणार?

मग लोक म्हणतात, “आम्ही डोळ्यासमोर पिळून घेतो.” रस्त्याकडेला बादलीत पोळे, त्यावर दोन-चार माश्या, शेजारी रिकाम्या बाटल्या. पोळे खरे असते, पण बादलीच्या तळाशी आधीपासून काय होते हे पिळताना दिसत नाही. शिवाय हाताने पिळलेल्या पोळ्यात अळ्या, पराग आणि मेण सगळेच येते. हे पोळे बहुधा आग्या माशीचे असते. वडावर, पाण्याच्या टाकीला, अजिंठ्याच्या कड्यांवर लटकणारी ही माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. ‘आमच्या पेटीतला आग्या मध’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे. आग्या मधात पाणी बऱ्याचदा जास्त असते, म्हणून तो लवकर आंबतो. झाकण उघडताच फेस येतो, त्याला ‘जिवंत मध’ म्हणून कौतुकाने चाटणारे आहेत. तो फेस यीस्टचा. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. पाणी जास्त आहे का हे पाहण्यासाठी एक साधी गोष्ट करता येते. एक लिटर चांगला मध साधारण १ किलो ४०० ग्रॅम भरतो. बाटलीवर भाव ठरवण्याऐवजी वजनावर ठरवा. यातून भेसळ कळणार नाही, पण फार पाणचट मध वजनात हलका भरेल.

पेटीवाल्या मधपाळांबद्दलही एक गैरसमज आहे: ते माश्यांना साखर पाजतात, म्हणून त्यांचा मध खोटा. फुलोरा नसतो तेव्हा, विशेषतः पावसाळ्यात, वसाहत जगवण्यासाठी साखरेचा पाक द्यावाच लागतो. चूक होते ती पाक चालू असताना मध काढला तर. म्हणून मधपाळाला विचारायचा खरा प्रश्न असा: हा मध कोणत्या महिन्यात काढला आणि तेव्हा पेट्या कुठे होत्या? प्रामाणिक माणूस याचे उत्तर तारखेसकट आणि शिवारासकट देतो. मेलिफेरा या पाळीव माशीच्या पेट्या फुलोऱ्यामागे फिरतात. कांद्याच्या बीजोत्पादनात तर शेतकरी परागीभवनासाठी त्या भाड्याने आणतात. पेट्या ज्या शिवारात असतात तिथे कीटकनाशक केव्हा मारले, हेही विचारावे. कापूसपट्ट्यात तर नक्कीच. पोळ्याची घरे मेणाने बंद झाल्यावर आणि यंत्राने फिरवून काढलेला मध टिकतो.

कच्चा म्हणजे न तापवलेला मध, एवढे लोकांना माहीत असते. पण एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या दुकानात कॅन पडून राहतो, याकडे लक्ष जात नाही. मध उष्णतेत राहिला की त्यात एचएमएफ नावाचे द्रव्य वाढत जाते. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. तेव्हा चुलीवर न चढवलेला मधही उन्हाने खराब होतो. उन्हाळ्याआधी काढलेला आणि गार जागी ठेवलेला मध घ्यावा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटसुद्धा लावू नये. घरातल्या आजीने कितीही आग्रह केला तरी. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात. ती साध्या तापवण्याने मरत नाहीत, त्यामुळे कच्चा काय आणि कंपनीचा काय, धोका सारखाच. मधुमेह्यांसाठीही मध ही साखरच आहे. आणि स्थानिक मधाने ॲलर्जी जाते, याला भक्कम पुरावा नाही: शिंका आणणारे पराग बहुतांशी वाऱ्याने उडणारे, तर मधमाशीच्या पायाला चिकटतात ते फुलांतले जड पराग.

मधपाळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि खादी व ग्रामोद्योग मंडळाचे जिल्हा कार्यालय राज्याची मध केंद्र योजना चालवते. पेट्या कोणी घेतल्या, हे तिथे विचारता येते. नाव-पत्ता, काढल्याचा महिना आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक बाटलीवर असेल, तर आधी पाव किलो घ्या आणि मधपाळाला पेट्या पाहायला येऊ का, असे विचारा.