एस्प्लनेड मॅन्शन

एस्प्लनेड मॅन्शन ही मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एक ऐतिहासिक इमारत आहे. पूर्वी ती वॉटसन हॉटेल या नावाने प्रसिद्ध होती. ओतीव लोखंडाच्या, म्हणजे बिडाच्या, सांगाड्यावर उभारलेली ही भारतातील सर्वांत जुनी विद्यमान बहुमजली इमारत मानली जाते.

उभारणी

१८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि एस्प्लनेड मैदानालगतचे भूखंड विक्रीस निघाले. त्यांपैकी एक भूखंड कापडव्यापारी जॉन वॉटसन यांनी घेतला. इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने केला. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. लोखंडी खांब व तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणल्या गेल्या आणि येथे जोडल्या गेल्या. इमारतीचा भार या सांगाड्यावर असून विटांच्या भिंती केवळ भरावाच्या आहेत.

हॉटेल

१८७१ साली येथे हॉटेल सुरू झाले. त्यात सुमारे १३० खोल्या होत्या. १८९६ साली अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरले होते. खिडकीबाहेरच्या कावळ्यांचे वर्णन त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्यूमिएर बंधूंचे सहा लघुचित्रपट येथे दाखवण्यात आले. प्रवेशमूल्य १ रुपया होते. भारतातील चित्रपटप्रदर्शनाचा आरंभ या खेळापासून मानला जातो.

जमशेटजी टाटा यांना येथे प्रवेश नाकारल्यामुळे त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी आख्यायिका आहे. तथापि अनेक अभ्यासक ती ग्राह्य मानत नाहीत. १९०३ साली ताजमहाल हॉटेल सुरू झाल्यानंतर वॉटसनचे महत्त्व ओसरत गेले.

नवे भाडेकरू

हॉटेल बंद झाल्यावर इमारतीचे नाव प्रथम महेंद्र मॅन्शन आणि पुढे एस्प्लनेड मॅन्शन असे झाले. मोठ्या खोल्यांत आडभिंती घालून लहान लहान गाळे काढण्यात आले व ते कार्यालयांसाठी आणि राहण्यासाठी भाड्याने दिले गेले. शहर दिवाणी व सत्र न्यायालय शेजारीच आणि उच्च न्यायालय जवळच असल्याने येथे वकिलांची कार्यालये मोठ्या संख्येने आली. तळमजल्यावर दुकाने होती. एके काळी पाहुण्यांसाठी असलेले सज्जे आणि मधला चौक आता अनेक भाडेकरूंच्या रोजच्या वापरात आले.

दुरवस्था आणि संवर्धनाचा प्रश्न

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे मुंबईतील जुन्या इमारतींची भाडी गोठली. त्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, आणि तो मालकाने करावा की भाडेकरूंनी, हा वाद सर्वत्र निर्माण झाला. एस्प्लनेड मॅन्शनची देखभालही दीर्घकाळ रखडली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००६ च्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. १ जुलै २००५ रोजी सज्जाचा भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

२०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार उरलेल्या भाडेकरूंना इमारत सोडावी लागली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसातज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले. त्यामुळे जीविताची सुरक्षितता, भाडेकरूंचे हक्क आणि वारशाचे जतन हे तिन्ही प्रश्न या एकाच वास्तूत एकत्र आले आहेत.