एकाच केबलमध्ये चित्र, आवाज आणि वीज!

दोस्तांनो, सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर गेलात, की आकाशपाळण्यावरून जरा नजर काढून खांबांकडे बघा. एखादा कॅमेरा दिसला, तर त्याला किती केबली जोडल्यात ते मोजा. पुष्कळदा एकच असते! मग त्याला वीज मिळते कुठून?

त्याच केबलमधून! कॅमेरे बसवणाऱ्या काकांकडून केबलचा टाकाऊ तुकडा मागून घ्या. आत आठ बारीक तारा दिसतील. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरट जोडीदारीण. सोलापुरात सुताचा पीळ कुणाला ठाऊक नाही? तसाच पीळ या जोड्यांनाही असतो. त्यामुळे बाहेरून येणारी विजेची खरखर दोन्ही तारांवर जवळजवळ सारखीच पडते. ही युक्ती जुनी आहे. ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी तिचं पेटंट घेतलं.

आता खरी गंमत! कॅमेऱ्याचा निरोप असतो दोन तारांमधल्या फरकात. समजा, एकीवर २ व्होल्ट आणि दुसरीवर १. फरक १. आता दोघींवर ४८ व्होल्ट चढवा. झाले ५० आणि ४९. फरक किती? अजूनही १! खरखर ज्या वजाबाकीत नाहीशी होते, त्याच वजाबाकीत हे ४८ व्होल्टही निघून जातात. निरोप शाबूत राहतो, आणि वीज एका जोडीतून कॅमेऱ्यात जाऊन दुसऱ्या जोडीतून परत येते. गाण्याच्या स्टुडिओतले कितीतरी मायक्रोफोनसुद्धा याच युक्तीने ४८ व्होल्टवर चालतात. कॅमेऱ्याला बाहेरून जोडलेला छोटा माइक मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडूनच दोन-चार व्होल्ट घेतो.

पण चुकून साधा कॉम्प्युटर जोडला तर? केबलच्या दुसऱ्या टोकाला वीज पाठवणारा डबा असतो, त्याला म्हणतात स्विच. तो भारी हुशार! तो आधी साधारण १० व्होल्टपर्यंतची, अगदी थोडीशी वीज सोडून चाचपतो. पलीकडे सुमारे २५,००० ओहमचा रोध सापडला, तरच पुढची वीज सोडतो.

केबलमधून वीज पाठवण्याच्या २००३ च्या नियमाप्रमाणे स्विचमधून १५.४ वॅट निघाले, तर १०० मीटरवरच्या कॅमेऱ्याला १२.९५ वॅटचीच खात्री असते. बाकीची वीज तारा तापवण्यात जाते. तांबं एक अंश तापलं, की त्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. सोलापूरच्या मे महिन्यात, भर उन्हात टांगलेल्या केबलमध्ये म्हणूनच गळती आणखी वाढते.

आणि लाइट गेली तर? स्विचला एक बॅटरी जोडलेली असली, की त्याच्यावरचे सगळे कॅमेरे चालू!