पराभवाची शाळा



आज मी आपल्याशीं एका खेळाविषयीं बोलणार आहें. 'एल्डन रिंग' हें त्याचें नांव. जपानांतील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीनें तो २०२२ सालीं प्रसिद्ध केला. हिदेताका मियाझाकी हे त्याचे दिग्दर्शक. त्यांतील पुराणकथा रचण्यांत अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात आहे. माझ्या धाकट्या मुलानें तो घरीं आणला, आणि साठी उलटलेली असतांही कुतूहलानें मीं तो खेळून पाहिला.

कथानक थोडक्यांत असें: एक दिव्य कंकण भंगलें आहे, राज्य मोडकळीस आलें आहे, आणि हद्दपार झालेला एक योद्धा त्या भूमींत परत येतो. तो योद्धा म्हणजे आपण. भुयारांतून हिरव्या माळावर पाऊल टाकावें, तों समोरच्याच वाटेवर सोन्याचें चिलखत घातलेला एक घोडेस्वार फिरत असतो. मी सरळ त्याच्यावर चालून गेलों. दोन घावांत कारभार आटोपला, आणि आपण मेल्याचें सांगणारीं अक्षरें पडद्यावर उमटलीं. त्या संध्याकाळीं मीं तीं अक्षरें अकरा वेळां वाचलीं.

हा खेळ सोपा करून घेण्याची सोय नाहीं. शत्रू मारून मिळवलेलें धन, ज्यास येथें 'रून' म्हणतात, तेंच आपलें बळ वाढविण्याचें साधन होय. मरण आलें कीं तें सारें त्या जागीं सांडतें. मग मागच्या विसाव्यापासून पुन्हां चालत यावें व आपलें धन उचलून घ्यावें. परंतु वाटेंत दुसऱ्यांदा मेलांत, तर तें कायमचें गेलें. विसाव्यावर बसल्यानें जखमा भरतात खऱ्या, पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हां उभे राहतात.

हें ऐकून कोणास वाटेल, कीं हा निव्वळ छळ आहे. मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु हळूहळू ध्यानांत आलें, कीं प्रत्येक पराभवांत कांहीं शिकावयास मिळतें. घोडेस्वार भाला उगारण्यापूर्वीं कसा वळतो, हें पांचव्या मरणानंतर मला दिसूं लागलें. शिवाय त्याच्याशीं त्याच वेळीं लढलेंच पाहिजे, असें नाहीं. त्यास वळसा घालून जातां येतें. पुढें आपणांसही घोडा मिळतो. बळ वाढवून मग परतावें. इतर खेळाडूंनीं जमिनीवर ठेवलेले छोटे संदेशही वाटेंत भेटतात. कोठें धोक्याची सूचना, तर कोठें निव्वळ थट्टा. एखाद्याचा संदेश आपण वाखाणला, तर दूर कोठेंतरी खेळत असलेल्या त्याच्या लिहिणाऱ्याच्या जखमा भरून येतात!

येथें मला माझी शाळा आठवली. एका विद्यार्थ्यास मीं गणितांत लागोपाठ दोन वर्षें अनुत्तीर्ण केलें. उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईनें गुण लिहिले; चूक कोठें झाली, तें मात्र लिहिलें नाहीं. वळसा घालून जाण्याची वाट दाखविली नाहीं. तिसऱ्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. मी त्यास शिस्त समजत होतों. कठोर तर हा खेळही आहे. परंतु तो पडलेल्यास चूक दाखवितो, आणि गमावलेलें परत मिळविण्याची एक संधि हटकून देतो. माझ्या कठोरपणांत हें दुसरें अंग नव्हतें.

हा खेळ लहान मुलांच्या हातीं देऊं नये, कारण त्यांत रक्तपात पुष्कळ आहे. आणि वेळ तर तो भरमसाट खातो. त्याची शिफारस करण्याचा माझा हेतु नाहीं. मात्र आपल्या घरीं कोणी परीक्षेंत हरून आलें असेल, तर किती गुण मिळाले हें विचारण्याआधीं, घाव कोठें बसला, तें त्याच्याजवळ बसून पाहावें.

तो सोनेरी घोडेस्वार मीं तीन आठवड्यांनीं जिंकला. मुलगा शेजारीं बसून होता. तो एवढेंच म्हणाला, "बाबा, आतां पुढें याहून अवघड आहे."