प्रतिकृतीवरचे डाग

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात धरणाची प्रतिकृती हमखास असते. पांढराशुभ्र सांडवा, निळेशार पाणी, हिरवीगार झाडे. ती नेटकी असते, पण खरी वाटत नाही. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर १३ दरवाज्यांचे अप्पर वर्धा धरण आहे. ते १९९३ मध्ये पूर्ण झाले. इतके पावसाळे पाहिलेल्या बांधकामावर ऊन-पाण्याच्या खुणा असतातच. प्लास्टिकची विमाने, आगगाड्या जुळवणारे छंदी लोक अशा खुणा मुद्दाम रंगवतात. ही युक्ती आपल्यालाही सहज जमेल.

प्रथम प्रतिकृतीला प्लास्टिक इमल्शनचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. मग काळा व तपकिरी पोस्टर रंग भरपूर पाण्यात कालवावा आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने न राहता पसरते आणि केशाकर्षणाने खाचांत शिरते. पाणी उडून जाते, रंगाचे कण खाचांत उरतात. उंच भाग ओल्या फडक्याने पुसला की खाचा उठून दिसतात. सपाट जागी मात्र थेंब साचू देऊ नये. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन वेगाने होते, आतले पाणी कण घेऊन कडेकडे वाहते आणि गडद कडे उमटते. सांडलेल्या कॉफीच्या अशाच डागाचे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये दिले.

पातळ रंगातील द्रावकात खालचा रंग विरघळता कामा नये. म्हणून पोस्टर रंगावर पाण्याचा हात चालत नाही. थर्माकोलवर थिनर तर मुळीच नको, थर्माकोलच विरघळते.

आता डाग कुठे द्यायचे? लोखंडाचा रंग उडून जिथे पाणी अडते, तिथे गंज चढतो व खाली ओघळतो. काँक्रीटमधून झिरपणारे पाणी कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर आणते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ओघळ तयार होतात. सतत ओल असते तिथे शेवाळ धरते.

प्रमाणही सांभाळावे. १:२०० च्या प्रतिकृतीत २ मिलिमीटर रुंदीचा ओघळ म्हणजे प्रत्यक्षात ४० सेंटिमीटर! दरवाज्याच्या एका बोल्टखाली एवढा रुंद ओघळ शोभणार नाही. तिथे बारीक कुंचलाच हवा.

रंगवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना शाळेची पाण्याची टाकी नीट पाहून तिचे चित्र काढायला सांगा. प्रत्येक डागापुढे तीन उत्तरे लिहून घ्या: पाणी कुठून आले? कुठे गेले? मागे काय ठेवून गेले? मग प्रतिकृतीवर उत्तर देता येईल तेवढेच डाग द्यावेत. शोभेसाठी दिलेला डाग खोटी माहिती सांगतो. कारण सांगता येणारा डाग मात्र निरीक्षणाची नोंद ठरतो आणि प्रदर्शनात कोणी विचारले तर विद्यार्थ्याला तो समजावूनही सांगता येतो.